घसा की ग्रसनी? कुठे काय लिहायचं

मैत्रीण नर्स आहे, पेशंटसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितेय आणि फॅरिंक्सला, म्हणजे नाका-तोंडामागच्या नळीला, घसा लिहू की ग्रसनी यावर अडून बसलीय, तिच्यासाठी हे.

समजायला सोपं म्हणाल तर घसा, प्रश्नच नाही. घसा दुखतोय म्हटलं की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं, ग्रसनी म्हटलं तर दहावीचं सायन्सचं पुस्तक आठवावं लागतं आणि वर ग्रसिका म्हणजे अन्ननलिका, त्यात गोंधळ होतोच होतो.

पण नेमकेपणात घसा फार ढिला शब्द आहे. घसा बसतो तेव्हा बिघाड खरं तर स्वरयंत्रात असतो, घशात घास अडकला म्हणतो तेव्हा तो कधी अन्ननलिकेत असतो तर कधी श्वासाच्या वाटेवर, आणि ती तर इमर्जन्सी! ग्रसनी म्हणजे मात्र ठरलेली जागा, नाकाच्या मागून सुरू होऊन तोंडाच्या मागून खाली अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत जाणारी साधारण 12-13 सेंटीमीटरची स्नायूंची नळी. तिचे तीन भाग, नाकामागचा, तोंडामागचा आणि स्वरयंत्रामागचा. कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये यातला कुठला भाग हे फार महत्त्वाचं, कारण ट्रीटमेंट त्यावर बदलते, तिथे नुसतं घसा लिहून चालतच नाही.

जोडशब्दांत ग्रसनीदाह वगैरे जड वाटतं, घशाला सूज बरं.

म्हणून सर्दी-खोकला, गुळण्या, औषध कसं घ्यायचं अशा पत्रकात बिनधास्त घसा लिही. परीक्षेचं उत्तर, आकृतीतली नावं, ऑपरेशनचं संमतीपत्र असेल तर ग्रसनी, आणि संमतीपत्रात शेजारी 'नाका-तोंडामागचा घशाचा भाग' एवढं जोडच.