पाच वेळा ‘का’ की सहा प्रश्नांची चौकट? ब्रँडिंगचं काम तपासताना कोणती पद्धत घ्यायची

ब्रँडिंगच्या कामाचं विश्लेषण करायला बसलं की बरेच जण रंग आणि फॉन्टपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात, "छान आहे, क्लीन वाटतंय" एवढंच. त्याच्या पुढे जायचं तर प्रश्न आधी ठरवून ओळीने विचारावे लागतात. त्यासाठी दोन पद्धती सगळीकडे वापरतात. एक टोयोटातून आलेली, एकच गोष्ट धरून पाच वेळा ‘का’ विचारत खाली जायचं. दुसरी बातमी लिहिणाऱ्यांची, काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसं. यातली कुठली घ्यायची हे विद्यार्थी आणि नवीन फ्रीलान्सर सारखं विचारतात, म्हणून दोन्ही एकाच केसवर लावून दाखवते.

केस ट्रॉपिकाना या ज्यूसच्या ब्रँडची घेऊ. जानेवारी २००९, अमेरिका. पेप्सिकोने संत्र्याच्या ज्यूसचं पॅकेजिंग बदललं, संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ हे वर्षानुवर्षांचं चित्र काढून ज्यूसने भरलेला ग्लास आणला, आडवं असलेलं नाव उभं केलं. दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण २० टक्क्यांनी पडली आणि फेब्रुवारीतच जुनं पॅकेजिंग परत आणणार म्हणून जाहीर करावं लागलं.

आता ‘का’ लावा. विक्री का पडली? नेहमीच्या लोकांनी उचललं नाही. का? शेल्फवर पटकन ओळखू आलं नाही. का? ओळखायची खूण, म्हणजे ते संत्रं, गेलं होतं. इथपर्यंत झक्कास. चौथा ‘का’, खूण का काढली? इथे बाहेरून बघणारा माणूस अडकतो, कारण त्या मीटिंगमध्ये तो नव्हता, मग तो अंदाज मारतो, आणि पाचवा ‘का’ त्या अंदाजावर उभा राहतो. शिवाय दुसऱ्या ‘का’ला एकच उत्तर नव्हतं. गर असलेला, नसलेला, कमी असलेला असे वेगवेगळे ज्यूस एकमेकांपासून वेगळे काढता येईनात अशीही तक्रार होती, आणि एकूण रूप दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडसारखं दिसतं अशीही. सरळ साखळीत यातलं एकच उत्तर धरून खाली जाता येतं, बाकीची सुटतात.

सहा प्रश्नांनी काय होतं बघा. काय बदललं? चित्र, नाव, मांडणी, सगळं एकदम. कोण विकत घेतं? रोजचा नाश्ता ठरलेला असलेली, डोळे झाकून तोच ज्यूस उचलणारी माणसं. कुठे? सुपरमार्केटच्या फ्रीजसमोर, जिथे माणूस वाचत नाही, ओळखतो. हा ‘कुठे’ फार लोक गाळतात आणि माझ्या मते पॅकेजिंगमध्ये अर्धं उत्तर तिथेच असतं, कारण डिझाइन मंजूर होतं ते मीटिंगमधल्या मोठ्या स्क्रीनवर, एकटंच, शेजारी दुसरा कुठलाच ज्यूस नसताना. कसं? झाकण अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं केलं होतं, हाताने पिरगाळायचं, ही कल्पना खरंच चांगली होती आणि जुनं पॅकेजिंग परत आलं तेव्हा ती काही ज्यूसवर ठेवलीही. ‘का’च्या साखळीत ही चांगली बाजू दिसतच नाही, कारण सुरुवातच "बिघडलं का" इथून होते.

म्हणजे सहा प्रश्न जिंकले का? या केसमध्ये हो, पण त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. टोयोटाचे इंजिनिअर ताईइची ओनो यांचं ‘का’च्या साखळीचं ठरलेलं उदाहरण मशीनचं आहे. मशीन बंद का पडलं, फ्यूज उडाला, का, बेअरिंगला वंगण पोचलं नाही, का, पंप नीट ओढत नव्हता, का, त्याचा दांडा झिजला होता, का, गाळणी नव्हती आणि लोखंडाचा कीस आत गेला. प्रत्येक उत्तर मशीन उघडून डोळ्यांनी तपासता येतं. तसं उघडून बघता येत असेल तिथेच ‘का’ची साखळी चालते.

आणि ब्रँडिंगमध्ये असं उघडून बघता येतं ते तुम्ही कामाच्या आत असता तेव्हा. समजा सांगलीचा एक घरगुती हळद-मसाल्याचा ब्रँड तुमच्याकडे आला आणि म्हणाला लोगो बदलून द्या. लोगो का? विक्री थांबलीय. का? नवीन दुकानदार माल ठेवत नाहीत. का? पाकिटं रॅकवर उभी राहत नाहीत, आडवी पडतात आणि मागे जातात. का? तळ सपाट नाही, साधी पाऊच आहे. आता ही प्रत्येक पायरी दुकानात जाऊन पाकीट हातात घेऊन तपासता येते, आणि काम लोगोचं नसून पाऊचचं निघतं. सहा प्रश्नांनीही कदाचित इथे पोचाल, पण मोठा कागद भरून झाल्यावर, आणि त्यात नेमकं कशावर बोट ठेवायचं ते क्लायंटला कळणार नाही.

फक्त एक, समोर पन्नाशीचे काका बसलेत, धंदा त्यांनी उभा केलाय, त्यांना लागोपाठ पाच वेळा "का?" विचारलं तर ती उलटतपासणी होते आणि ते गप्प होतात. "काका, त्याआधी काय झालं होतं?" किंवा "दुकानदार नेमकं काय म्हणाला?" असं विचारा, साखळी तीच राहते, पण माणूस बोलत राहतो.

सहा प्रश्नांचीही एक खोड आहे, सहाही रकाने सारखंच महत्त्व देऊन भरले जातात. रुपयाचं चिन्ह घ्या. कोण? आयआयटी मुंबईचे डी. उदय कुमार. केव्हा? १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाची मंजुरी. काय? देवनागरी र आणि रोमन आर यांचा मेळ, वर दोन आडव्या रेघा. इथपर्यंतची माहिती कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये सापडते आणि ती वाचून काहीच कळत नाही. खरा प्रश्न ‘कुठे’चा होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि फोनवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, चिन्ह आलं ऑक्टोबर २०१० मध्ये, पण जुन्या फोनवर, जुन्या फॉन्टमध्ये त्याजागी चौकोनी डबा दिसायचा आणि बिलावर ‘रु.’ तसंच राहायचं. तेव्हा रकाने भरून झाले की कुठल्या रकान्याने तुम्हाला अडवलं ते शोधा आणि तिथे दुप्पट वेळ द्या.

आणि असा एक प्रश्न आहे जो दोन्ही पद्धतींत आपोआप येत नाही, तो हाताने घालावा लागतो: यातून काय जातंय आणि ते कोणाला हवं होतं? १९८५ मध्ये कोका-कोलाने नवीन चव आणण्याआधी जवळपास २ लाख लोकांना चाखायला दिली, नवीन चव जास्त लोकांना आवडलीही. पण जुनी कायमची बंद होणार, चालेल का, हा प्रश्न नीट विचारला गेला नाही, आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. ट्रॉपिकानाचं संत्रं याच प्रश्नाला आधी सापडलं असतं.

तेव्हा ठरवायचं असं. पोर्टफोलिओसाठी, मुलाखतीसाठी किंवा कॉलेजच्या असाइनमेंटसाठी दुसऱ्याचं काम तपासताय, तर सहा प्रश्न घ्या, आणि ‘का’च्या रकान्यात कंपनीने स्वतः जाहीर सांगितलेलं तेवढंच लिहा, तुमचा अंदाज असेल तर "माझा अंदाज" असं स्पष्ट लिहा, परीक्षक त्याने खूशच होतो. स्वतःच्या क्लायंटचं काम आहे आणि काहीतरी बिघडलंय, तर ‘का’ची साखळी, पण प्रत्येक उत्तरासमोर "हे कशावरून?" असा रकाना आखून, आणि तो रिकामा राहिला की तिथेच थांबून दुकान गाठायचं. पाचचा आकडा पाळायची गरज नाही, कधी तिसऱ्यालाच मिळतं. काम सुरूच व्हायचंय, ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते समजून, घ्यायला चाललाय, तर सहा प्रश्न घरून लिहून न्या आणि ‘कुठे’पासून सुरू करा, शक्य असेल तर मीटिंगच क्लायंटच्या दुकानात किंवा गोडाऊनमध्ये ठेवा, एसी केबिनमध्ये नको.