रामकुंडावर आईच्या ओंजळीत पाणी होतं तेव्हा

नाशिकला देवदर्शनाला निघाला असाल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील, तर हे आधी वाचा. आमचे ५१०० रुपये गेले. पण पैशापेक्षा ते ज्या रीतीने काढून घेतले, त्याचा संताप अजून जात नाही.

वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि आई म्हणाली, एकदा गंगेवर जाऊन येऊ. गोदावरीला आमच्याकडेही गंगाच म्हणतात. आई, आत्या आणि मी जालन्याहून नाशिकरोडला उतरलो. स्टेशनबाहेरच एका रिक्षावाल्याने गाठलं. "दहा ठिकाणं दाखवतो, साडेतीनशे द्या." त्याच्याकडे फोटोंचं लॅमिनेट केलेलं कार्ड होतं: रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, पांडवलेणी. पहिल्यांदा येणाऱ्याला हे ठाऊक नसतं की यातली निम्मी ठिकाणं एकमेकांच्या शेजारी आहेत. कपालेश्वर रामकुंडासमोरच, पायऱ्या चढल्या की आलं. काळाराम तिथून चालत जाण्यासारखा आणि सीतागुंफा काळारामाच्या जवळच. आम्हाला मात्र रिक्षात बसवून गल्ल्यागल्ल्यांतून फिरवलं. पांडवलेणी पार मुंबईच्या रस्त्याला, तिथे जायला खरंच वाहन लागतं. तर ती म्हणे 'आज बंद'. शेवटी साडेतीनशेचे 'माणशी साडेतीनशे' झाले, तेही दिले.

खरी फसवणूक रामकुंडावर झाली. रिक्षावाल्याने आम्हाला तिथे सोडलं आणि धोतर नेसलेल्या, खांद्यावर उपरणं टाकलेल्या एका माणसाला हात केला. त्याने आईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. "मावशी, यजमान गेले का? मग गंगेवर येऊन कोरड्या हाताने जाऊ नका. त्यांच्या नावाने दोन पळ्या पाणी सोडा, फक्त ५१ रुपये." ५१ रुपयांना कोण नाही म्हणणार?

आईला घाटाच्या पायरीवर बसवलं, ओंजळ करायला लावली, त्यात पाणी, तीळ, एक फूल. गोत्र विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. "माझ्यामागून म्हणा," म्हणाला आणि भराभर संस्कृत सुरू केलं. आई डोळे मिटून एकेक शब्द म्हणत होती. मधे कुठेतरी 'एकादश ब्राह्मणभोजन' आलं, 'गोदान' आलं. माझ्या कानावर ते पडलं, पण अर्थ डोक्यात उतरेपर्यंत आईने पाणी सोडलंसुद्धा. लगेच त्याचा आवाज बदलला. "माउली, तुम्ही गंगेच्या साक्षीने बोललात. अकरा ब्राह्मणांचे साडेपाच हजार, गोदानाचे एकवीसशे. आता मागे फिरलात तर पितर उपाशी परत जातील."

मी वाद घालायला लागलो. तो माझ्याशी बोललाच नाही, फक्त आईशी बोलत राहिला. आईचे हात अजून ओले होते, बोटांना तीळ चिकटलेले होते. ती मला म्हणाली, "देऊन टाक रे बाबा. त्यांच्यासाठी म्हटलंय मी." तिथे मी संपलो. घासाघीस करून रोख २१०० दिले. उरलेल्या ३००० साठी त्याने उपरण्याआडून क्यूआर कोड काढला. पैसे गेले आणि माझ्या मोबाइलवर नाव आलं ते एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. वर बघेपर्यंत माणूस गर्दीत गेलेला. पावती नाही, काही नाही.

म्हणून सांगतो, ओंजळीत पाणी घेण्याआधी बोला. काय विधी, किती दक्षिणा, त्यात काय काय आलं, हे आपल्या मराठीत वदवून घ्या आणि शक्य असेल तर लिहून घ्या. एकदा पाणी सुटलं की तुमच्या आईसमोर तुम्हाला तोंड उघडता येत नाही, आणि हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

दर्शनाचंही तसंच. काळारामाच्या दाराशी एकाने 'स्पेशल दर्शना'चे माणशी २०० मागितले. आत्याने त्याला उभा झाडला. याच मंदिराच्या प्रवेशासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, लोकांनी दगड-लाठ्या खाल्ल्या. त्या दारात उभं राहून कुणी प्रवेश विकावा? आम्ही सरळ रांगेने गेलो, छान दर्शन झालं.

रात्री लॉजवाल्या काकांना हे सांगितलं तर ते हळहळले. "तुमचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तुमच्या घराण्याचे इथले पुरोहित, कोण ते आधी शोधायचं होतंत. आडनाव आणि मूळ गाव सांगा, घाटावरचे जुने लोक तुम्हाला नेमक्या घरी पोचवतील." नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात, गावागावांच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. खरा माणूस तुमची नोंद दाखवतो. 'वही घरी राहिली' म्हणणाऱ्यापुढे बसूच नका.

सकाळी विचारत विचारत गेलो. गुरुजींनी फडक्यात बांधलेली जाड वही सोडली, आमच्या गावाचं पान काढलं आणि आईपुढे सरकवलं. १९६४ साली आजोबा येऊन गेले होते. त्यांची वळणदार सही, खाली मुलांची नावं, आणि तिसरं नाव वडिलांचं. तेव्हा ते सहा वर्षांचे असतील. आईने त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

गुरुजींनी वडील गेल्याची नोंद केली, खाली माझी सही घेतली. दक्षिणा विचारली तर म्हणाले, इच्छेने द्या. निघताना आईने त्यांना विचारलं, "काल मी सोडलेलं पाणी त्यांना पोचलं असेल ना?"

"पोचलं, आई," ते म्हणाले. "ओंजळ तुमची होती."