नजर गेल्यावर मराठी बायबल: दोन अ‍ॅप आणि एक साधा एमपीथ्री प्लेअर

काचबिंदूने किंवा मधुमेहामुळे पडदा खराब होऊन नजर गेली, की ख्रिस्ती घरात पहिली पंचाईत रोजच्या वाचनाची होते. मुलगा किंवा नातू फोनवर अ‍ॅप टाकून देतो. दोन दिवस ते चालतं, तिसऱ्या दिवशी फोन उशीखाली. "आता देवाचं वचनही जवळ राहिलं नाही" असं म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये बहुतेक वेळा सेटिंगचीच गडबड निघते, म्हणून हे परीक्षण तिथूनच सुरू करू.

यूव्हर्शन हे बायबलचं अ‍ॅप मोफत आहे आणि त्यात मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. ज्या आवृत्तीला आवाज जोडलेला आहे, तिथे स्पीकरची खूण दिसते. पण 'दिसते' हीच अडचण. नजर नसलेल्या माणसासाठी आधी अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, चालू करावी लागते. टॉकबॅकसाठी सेटिंगमध्ये शॉर्टकट एकदा सुरू करून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणं एकत्र ३ सेकंद दाबून तो चालू-बंद होतो. दोन्ही फोनांत दोन बोटांनी पटकन दोनदा टॅप केलं की चालू असलेला आवाज थांबतो आणि तसंच केलं की पुन्हा सुरू होतो. इतर काही शिकवण्याआधी एवढी एकच खूण पक्की करून घ्यावी. काचेवर बटण शोधत बोट फिरवणाऱ्या माणसाचं स्तोत्राकडे लक्ष कसं लागणार?

टॉकबॅकचा आवाज आणि वाचकाचा आवाज एकमेकांवर चढतात, हे दुसरं गाऱ्हाणं. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डकिंग' चालू करा, म्हणजे टॉकबॅक बोलताना वाचन हळू होतं. फोनची बोलण्याची भाषा हिंदीवर राहिली असेल तर टॉकबॅक 'ळ' आणि 'च' यांची वाट लावतो. गूगलच्या स्पीच सर्व्हिसेसमध्ये मराठी आवाज वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तरीही मजकूर मशीनकडून वाचवून घेणं म्हणजे नाइलाज. वचनांचे आकडे वाक्याच्या मध्ये घुसतात, आणि स्तोत्र ११९ ची १७६ वचनं अशा आवाजात ऐकणं म्हणजे रेल्वे स्टेशनवरची घोषणा ऐकणं.

यूव्हर्शनमध्ये मजकूर फोनवर उतरवता येतो, ऑडिओला मात्र इंटरनेट लागतं. गावात रात्री नेट गेलं की वाचन थांबलं. फेथ कम्स बाय हिअरिंग या बायबल ऐकवणाऱ्या संस्थेचं बायबल डॉट इज हे अ‍ॅप इथे उजवं ठरतं, कारण त्यात ऑडिओ उतरवून ठेवता येतो. ६४ केबीपीएस दर्जाच्या आवाजाला तासाला सुमारे २९ एमबी लागतात. नव्या कराराचे २६० अध्याय वीस-बावीस तासांचे धरले, तर ६०० ते ६५० एमबी जागा मोकळी ठेवावी.

त्यातल्या नाट्यरूपांतराबद्दल मात्र नाराजी आहे. पात्रांचे वेगवेगळे आवाज, मागे संगीत, गर्दीचा गलका हे सगळं मार्कच्या शुभवर्तमानात शोभतं. बार्तीमय आंधळा रस्त्याच्या कडेला ओरडतो (मार्क १०), ते ऐकताना अंगावर येतं. पौलाच्या पत्रांत तेच संगीत मध्ये मध्ये येतं आणि त्रास देतं.

आता आवृत्ती. इथे बहुतेक घरं चुकतात. मुलांना वाटतं, सोपी भाषा बरी. पण साठी-सत्तरीच्या माणसाला मंडळीत (चर्चमध्ये) ऐकलेली बायबल सोसायटीची भाषा अर्धीअधिक पाठ असते. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे ऐकताच पुढचं वाक्य ओठांवर येतं. समकालीन आवृत्तीत 'परमेश्वर'च्या जागी 'याहवेह' आलं की ती साखळी तुटते. नजर गेल्यावर पाठांतर हीच मालमत्ता, म्हणून आठवणीतली आवृत्तीच लावावी. नवी भाषा तरुणांनी ऐकावी.

दु:खात माणूस नवं फार मागत नाही, तेच पुन:पुन्हा ऐकतो. अ‍ॅपमध्ये स्तोत्र संपलं की पुढचं आपोआप लागतं. स्तोत्र ८८ नंतर लगेच ८९ मधला स्तुतीचा सूर लागला तर ८८ वाया जातं. त्या स्तोत्रात शेवटी सुटका नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. 'आरोग्य' नावाच्या तयार वाचन योजना बहुतेकदा हे स्तोत्र टाळतात, आणि योहान ९ मधून फक्त डोळे उघडल्याचा प्रसंग उचलतात. हा अंध कोणाच्या पापामुळे जन्मला, या शिष्यांच्या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर त्याच अध्यायात सुरुवातीला आहे, आणि "माझंच काय चुकलं?" म्हणून कुढणाऱ्याला आधी ते हवं असतं. तेव्हा योजना बाजूला ठेवून अध्याय स्वत: निवडावेत.

एकच स्तोत्र फिरतं ठेवायला अ‍ॅपपेक्षा बटणांचा साधा एमपीथ्री प्लेअर बरा. त्यात 'रिपीट वन' असतं आणि बोटांना बटण सापडतं. मधल्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब वाळवला की खूण झाली. ६४ जीबीचं कार्ड घेऊ नका. ते एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत येतं आणि स्वस्त प्लेअरला वाचता येत नाही. ३२ जीबीपर्यंतचं घ्या, फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करा. फाइलींना ००१, ००२ अशी नावं द्या, नाहीतर १ नंतर १०, मग १०० लागतं. काही प्लेअर नावाकडे बघतच नाहीत, कार्डात जी फाइल आधी गेली ती आधी वाजवतात, म्हणून फाइली क्रमानेच टाका. बंद केल्यावर थांबलेली जागा लक्षात राहते का, हे दुकानातच तपासा. बऱ्याच प्लेअरमध्ये फाइल लक्षात राहते, मिनिट राहत नाही.

ऐकूही कमी येत असेल तर यातलं काहीच पुरत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं, ते डोळ्यांच्या बळावर. ज्यांचे डोळे आणि कान दोन्ही अधू आहेत, त्यांच्यासाठी ब्रेल किंवा शेजारी बसून कानाशी मोठ्याने वाचणारा माणूस. त्या माणसाला रोजची ठरलेली वेळ आणि एकच अध्याय द्या, जास्त नको.