गेम स्ट्रीम करताना प्रोसेसरवरचा ताण: एक्स२६४, एनव्हेंक, क्विक सिंक की दुसरा पीसी?

व्हॅलोरंट हा गेम नुसता खेळताना सगळं सुरळीत चालतं. ओबीएस या स्ट्रीम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टार्ट स्ट्रीमिंग’ दाबलं की प्रोसेसर ९५ टक्क्यांच्या वर जातो, माऊस जड वाटायला लागतो आणि चॅटमध्ये ‘दादा, स्ट्रीम अडकतेय’ सुरू होतं. कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन हे सांगितलं की सल्ला बहुधा ठरलेला असतो: मोठा प्रोसेसर टाका, जमलं तर मदरबोर्डही बदला.

माझं मत उलटं आहे. गेल्या सात-आठ वर्षांतलं बरं ग्राफिक्स कार्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांतल्या बहुतेकांना नवा प्रोसेसर लागतच नाही. व्हिडिओ एन्कोड करण्याचं, म्हणजे तो दाबून इंटरनेटवर पाठवण्याजोगा करण्याचं काम प्रोसेसरकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, एवढंच असतं. कुणाकडे द्यायचं यावर मात्र विचार करावा लागतो, कारण प्रत्येक पर्यायाची काहीतरी किंमत मोजावी लागते. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नेहमीचं मशीन समोर धरतो: इंटेलचा आय५-१२४००एफ (६ कोअर, १२ थ्रेड), १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५०.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

ओबीएसच्या ‘डॉक्स’ मेनूत ‘स्टॅट्स’ आहे. ती खिडकी उघडून गेमसह दहा-पंधरा मिनिटं स्ट्रीम चालू द्या. तिथे तीन आकडे दिसतात आणि लोक तिन्ही एकाच पोत्यात भरतात. ‘रेंडरिंग लॅग’मुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. ‘एन्कोडिंग लॅग’मुळे गाळलेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडर मागे पडतोय, एन्कोडर एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा) असेल तर तो ताण थेट प्रोसेसरचा. तिसरा आकडा नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेमचा. तो वाढत असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करा, या लेखातलं काहीच उपयोगाचं नाही.

हे पाहिल्याशिवाय पैसे खर्च करू नका. रेंडरिंग लॅग असलेल्या माणसाने नवा प्रोसेसर आणला तर स्ट्रीम बहुधा आहे तशीच अडकत राहते.

आता हे काम इतकं जड का, तेही पाहू. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सुमारे १२.४४ कोटी पिक्सेल. प्रत्येक फ्रेमसाठी एन्कोडरला सरासरी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला चित्राचे तुकडे पाडून, आधीच्या फ्रेमशी ताडून, काय हललं ते शोधून बाकीचं गाळायचं असतं. नेमक्या त्याच वेळी गेमलाही तेच कोअर हवे असतात. उलट ७२०पी आणि ३० फ्रेम ठेवल्या तर हाच आकडा २.७६ कोटींवर येतो, म्हणजे साडेचार पटींनी कमी. एन्कोडर तोच ठेवून, पैसा न खर्चता एवढा मोठा फरक क्वचितच दुसऱ्या सेटिंगमध्ये मिळतो.

एक्स२६४: चित्र चांगलं, पण कोअर खाणारं

एक्स२६४ हा प्रोसेसरवर चालणारा सॉफ्टवेअर एन्कोडर. ओबीएसमध्ये त्याचे प्रीसेट ‘अल्ट्राफास्ट’पासून सुरू होतात, मग ‘सुपरफास्ट’, ‘व्हेरीफास्ट’, ‘फास्टर’, ‘फास्ट’, ‘मीडियम’ असे खाली उतरत जातात. खाली जाल तसं चित्र सुधारतं आणि प्रोसेसर घामाघूम होतो. मूळ सेटिंग ‘व्हेरीफास्ट’ आहे आणि गेम चालणाऱ्या त्याच मशीनवर त्याच्या खाली जाण्यात मला अर्थ दिसत नाही. ‘मीडियम’वर गेल्यावर प्रोसेसरचा वापर जेवढा वाढतो, त्या मानाने मोबाइलवर पाहणाऱ्याला दिसणारी सुधारणा किरकोळ असते.

प्रोसेसर वाचवायचा म्हणून १०८०पी तसंच ठेवून ‘अल्ट्राफास्ट’ निवडणारे बरेच असतात. हा सौदा वाईट आहे. अल्ट्राफास्ट वेग मिळवतो तो एक्स२६४ची चांगली हत्यारं बाजूला ठेवून: कॅबॅक (डेटा जास्त घट्ट दाबणारी पद्धत) बंद, डीब्लॉकिंग (चौकोनांच्या कडा मऊ करणं) बंद, बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बनणाऱ्या फ्रेम) बंद. म्हणून गवत, पाऊस, धूर आला की पडद्यावर चौकोन चौकोन दिसू लागतात. ७२०पीला आणून ‘व्हेरीफास्ट’ ठेवलेली स्ट्रीम १०८०पी ‘अल्ट्राफास्ट’पेक्षा डोळ्यांना बरी वाटते.

आपल्या १२४००एफवर ७२०पी, ६० फ्रेम, ‘व्हेरीफास्ट’ हे हलक्या गेमसोबत निभावून जातं. पण व्हॅलोरंट किंवा सीएस२ जास्तीत जास्त फ्रेम काढायला प्रोसेसरच पिळतात आणि जीटीए फाइव्हचा गर्दीचा रोलप्ले सर्व्हरही प्रोसेसरला मोकळा सोडत नाही. अशा ठिकाणी एक्स२६४ म्हणजे गेमच्या तोंडचा घास काढणं. लॅपटॉपवर तर नकोच: प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच कूलिंगवर जगतात, आणि एप्रिल-मेमध्ये अकोला-नागपूरकडच्या खोलीत पंख्याखाली बसून दोघांनाही तापवलं की अर्ध्या तासात क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली येतो. सुरुवातीला छान चाललेली स्ट्रीम मग ‘अचानक’ अडकते, ती अशी.

एनव्हेंक: बहुतेकांसाठी हेच

एनव्हिडियाने २०१२च्या केप्लर कार्डांपासून चिपमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग दिला. तोच एनव्हेंक. गेमचं चित्र काढणाऱ्या कार्डाच्या कोअरपेक्षा तो स्वतंत्र असल्यामुळे त्याला काम दिल्यावर प्रोसेसर जवळजवळ मोकळा होतो. ओबीएसमध्ये ‘आउटपुट’मध्ये जाऊन एन्कोडर बदलायचा, बस. खात्री हवी असेल तर टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ग्राफिक्स कार्ड निवडा आणि एका आलेखाच्या वरच्या ‘३डी’वर क्लिक करून ‘व्हिडिओ एन्कोड’ करा. स्ट्रीम सुरू करताच ती रेघ उठते आणि डावीकडचा प्रोसेसरचा आकडा एक्स२६४च्या तुलनेत खाली राहतो.

चित्राचा दर्जा? २०१८च्या ट्युरिंग पिढीपासून तो इतका सुधारला की स्ट्रीमिंगच्या बिटरेटला (सेकंदाला पाठवायच्या डेटाला) एक्स२६४ ‘व्हेरीफास्ट’च्या मागे राहत नाही, बरेचदा पुढेच असतो. इथे आपल्या जीटीएक्स १६५०ची गंमत आहे. कार्ड ट्युरिंगचं, पण बहुतेक १६५०मधला एन्कोडर आधीच्या व्होल्टा पिढीचा. १६५० सुपरमध्ये मात्र ट्युरिंगचा आहे. जुन्या बाजारात दोन्ही दिसत असतील आणि स्ट्रीम करायचं असेल, तर थोडे जास्त देऊन सुपर घ्यावं. जीटी १०३०ला मात्र हात लावू नका, त्यात एनव्हेंकच नाही. लॅपटॉपमधल्या एमएक्स १५०, एमएक्स २५०चीही तीच कथा.

एनव्हेंक फुकट आहे असं कुणी सांगितलं तर अर्धंच धरा. एन्कोडिंग वेगळ्या भागात होतं, पण गेम, वेबकॅम, ओव्हरले (चित्रावरची सजावट) एकत्र करून फ्रेम रचण्याचं काम ग्राफिक्स कार्डाच्या नेहमीच्या ताकदीवरच होतं. गेमने कार्ड ९९ टक्के भरून टाकलं की ओबीएसला फ्रेम रचायला जागा मिळत नाही, आणि प्रोसेसर निवांत असताना रेंडरिंग लॅग सुरू होतो. उपाय साधा आहे: गेममध्ये फ्रेमची मर्यादा घाला. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर असेल तर १४४च्या आसपास, ६० हर्ट्‌झचा असेल तर त्याहून थोडी वर. २४० फ्रेम मोजत बसण्याची हौस स्ट्रीमच्या वेळी बाजूला ठेवावी. ही मर्यादा प्रोसेसरचाही भार उतरवते. शिवाय ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं तर विंडोज त्याला ग्राफिक्स कार्डावर प्राधान्य देतं. आणि एनव्हेंकच्या सेटिंगमधले ‘लुक-अहेड’ व ‘सायको व्हिज्युअल ट्यूनिंग’ हे दोन्ही गेमला लागणारे कार्डाचे कोअर वापरतात, तेव्हा १६५०सारख्या छोट्या कार्डावर ते बंदच बरे.

क्विक सिंक आणि एएमडी

इंटेलचा क्विक सिंक २०११पासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सबरोबर येतो. पण आपल्या प्रोसेसरच्या शेपटीला ‘एफ’ आहे, म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही नाही. थोडे पैसे वाचवायला घेतलेला ‘एफ’ इथे नडतो. साधा १२४०० असता तर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स सुरू ठेवून एन्कोडिंग त्याच्याकडे देता आलं असतं आणि १६५० पूर्ण गेमला मोकळं राहिलं असतं. एमएक्स कार्डवाल्या इंटेल लॅपटॉपसाठी तर मी हाच पर्याय सांगेन, कारण तिथे एनव्हेंक नसतो आणि क्विक सिंक बहुधा आयता पडून असतो.

एएमडीच्या कार्डांतही एन्कोडर असतो. कमी बिटरेटला, म्हणजे ट्विचच्या ६००० केबीपीएसच्या आत, त्याचं एच.२६४ (स्ट्रीमिंगची नेहमीची व्हिडिओ पद्धत) चित्र एनव्हेंकच्या थोडं मागे पडतं. यूट्यूबवर बिटरेट वाढवायला वाव असल्याने हा फरक कमी जाणवतो. एएमडी आहे म्हणून कार्ड विकायची गरज नाही. मात्र विकत घेताना एक गोष्ट नक्की बघा: आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या दोन कार्डांत एन्कोडरच दिलेला नाही. गेम चालतील, स्ट्रीमचा सगळा भार मात्र पुन्हा प्रोसेसरवर. ‘स्वस्तात मस्त’ म्हणून हे कार्ड पुढे केलं जातं तेव्हा हे सहसा कुणी सांगत नाही.

यूट्यूबवरच स्ट्रीम करत असाल आणि कार्ड बदलायचंच असेल तर एव्ही१ (एच.२६४नंतरची, चित्र जास्त दाबणारी पद्धत) एन्कोड करणारं बघा: आरटीएक्स ४०, आरएक्स ७००० किंवा इंटेल आर्क. ओबीएस २९.१पासून, म्हणजे २०२३पासून, यूट्यूबला एव्ही१मध्ये थेट स्ट्रीम पाठवता येते आणि तेवढ्याच बिटरेटला चित्र स्वच्छ दिसतं. अपलोड कमी असलेल्यांना त्याचा खरा फायदा.

दुसरा पीसी

मोठे स्ट्रीमर दोन मशीन वापरतात, म्हणून आपणही वापरावीत हा मोह होतो. एकावर गेम, दुसऱ्यावर ओबीएस, मध्ये गेमचं चित्र दुसऱ्या मशीनमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड. घरात बरा जुना पीसी पडून असेल तरच याचा विचार करावा, कारण कॅप्चर कार्ड, दोन्ही मशीनचा आवाज एकत्र आणणं, वाढलेलं वीजबिल आणि टेबलाखालचं वायरींचं जंगल हे सगळं सोबत येतं.

यात फसगत होते ती स्वस्त कॅप्चर कार्डात. १०८०पी ६० फ्रेमचं न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे २ गिगाबिट होतं, यूएसबी २.०ची कमाल ४८० मेगाबिट. म्हणून यूएसबी २.०ची कार्डं चित्र एमजेपीईजीमध्ये दाबून पाठवतात आणि ते उलगडण्याचं काम पुन्हा प्रोसेसरवर येतं. आधीच थकलेल्या जुन्या मशीनला हे नवं ओझं. एनडीआय या सॉफ्टवेअरने घरच्या नेटवर्कवरून चित्र पाठवलं तर कार्ड लागत नाही, पण मग गेमच्या मशीनलाच थोडं एन्कोडिंग करावं लागतं. ज्या कामातून सुटायचं होतं ते मागच्या दाराने परत येतं.

एन्कोडर बदलूनही आकडा खाली येत नसेल तर

मग एन्कोडर सोडून बाकीचं सामान बघा. सगळ्यात वर ब्राउझर सोर्स. अलर्ट, चॅट, हलते ओव्हरले, देणगीची पट्टी: प्रत्येक ब्राउझर सोर्स म्हणजे ओबीएसच्या पोटात उघडलेलं एक क्रोमियमचं पान. चार वेगळ्या सोर्सऐवजी एकाच पानात सगळं बसवा आणि न दिसणारे सोर्स ‘शटडाउन व्हेन नॉट व्हिजिबल’वर टाका. कोपऱ्यात बोटभर दिसणारा वेबकॅम १०८०पीला ठेवायची गरज नसते, ७२०पी किंवा त्याहून खाली पुरतो. माइकच्या नॉइज सप्रेशनमध्ये आरएनएनॉइज चांगला, पण स्पीक्सपेक्षा जड. गेम कॅप्चर चालत असेल तर डिस्प्ले कॅप्चर वापरू नका. मागे उघडे ठेवलेले क्रोमचे टॅब आणि गेम लाँचर बंद करा, हे सांगायला नकोच.

मग कुणी काय करावं

आपल्या १२४००एफ आणि १६५०वाल्याने काहीच विकत न घेता एनव्हेंक, ७२०पी, ६० फ्रेम, गेमवर फ्रेमची मर्यादा, एवढं करावं. ट्विचसाठी ४५०० केबीपीएस, यूट्यूबसाठी ६०००. रेंडरिंग लॅग तरीही राहिला तर पुढचा खर्च ग्राफिक्स कार्डावर.

एन्कोडर नसलेलं कार्ड आणि इंटेलचा ‘एफ’ नसलेला प्रोसेसर असेल तर क्विक सिंक. कार्डातही एन्कोडर नाही आणि प्रोसेसरमध्येही ग्राफिक्स नाही, अशी जोडी असेल तर एक्स२६४ ‘व्हेरीफास्ट’, ७२०पी, ३० फ्रेम यावर दिवस काढा आणि पैसे साठले की कार्ड बदला. त्यासाठी कर्ज काढून दुसरा पीसी उभा करू नका.

नवा प्रोसेसर घ्यावा तो एकाच परिस्थितीत: ओबीएस बंद असतानाही गेम प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर नेतो आणि फ्रेमची मर्यादा घालूनही खाली येत नाही. चार कोअरच्या जुन्या आय५वर नवे गेम खेळणाऱ्यांचं हेच होतं. तिथे दोष स्ट्रीमिंगचा नाही, गेमलाच मशीन पुरत नाही. तेव्हा जा दुकानात, आणि प्रोसेसर घेताना ‘एफ’ नसलेला मागा.