आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवून देणारे: कोणाला काम द्यावं आणि काय विचारून घ्यावं

आई-आजी गेल्यावर तिच्या साड्यांची गोधडी शिवून देणारे आता शहरांत बरेच झालेत. कोणी इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेतं, कुठे बचत गट आहेत, आणि पूर्वापार गोधड्या शिवणाऱ्या बाया गावोगावी आहेतच. तिन्हीकडचं काम शेजारी ठेवलं तर फरक शिवणीत दिसतो त्याहून जास्त कापडाच्या निवडीत दिसतो, आणि बहुतेक गोधड्या तिथेच फसतात.

घरचे लोक कपाटातून पैठणी आणि शालू काढून देतात. शिवणाराही घेतो, कारण फोटोत झकास दिसतं. पण पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर, वावरभर फिरणारी बाई शालूत सापडायची नाही, ती रोजच्या सुती लुगड्यात सापडते. शिवाय जुनं रेशीम घडीवर चिरतं आणि जरीची तार अंगाला टोचते. रेशमी साडी जपायची असेल तर अखंडच ठेवा.

वापरलेलं नऊवारी सगळीकडे सारखं विरत नाही. बसायच्या जागी, कासोट्याच्या बाजूला आधी जाळी पडते. ओच्यात शेंगा नाहीतर भाजी भरून आणायची सवय असेल तर पुढचं कापड ढिलं पडतं. घोट्याजवळचा काठ कुरतडल्यासारखा होतो आणि पदराच्या टोकाला तेल-हळदीचा डाग कायमचा बसलेला असतो. जाणती शिवणारी हे डाग कापून फेकत नाही. जाळी पडलेलं कापड आतल्या थरात जातं. डागाचा तुकडा वर येतो, पण मध्यभागाकडे, कारण कडेला ओढ सगळ्यात जास्त. सहावारी असेल तर फॉल उसवून बघायला सांगा. त्याखाली ऊन न लागलेल्या कापडाची चार बोटांची पट्टी असते आणि बहुतेक वेळा साडीचा मूळ रंग तिथे तसाच असतो. ही पट्टी वरच्या थरात वापरलेली गोधडी फार देखणी होते. मात्र फॉलच्या टाक्यांची भोकं नेमकी त्याच रेषेत असतात, म्हणून पट्टीखाली अस्तर लागतं.

किती कापड लागेल हे आधी विचारा. हिशेब नीट सांगता आला नाही तर तिथे काम देऊ नका. एकेरी गोधडी साधारण दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, पन्हा एक मीटरहून थोडा जास्त. त्यातून पावणेतीन मीटरचे तीन तुकडे निघतात आणि ते जोडले की दोन थर होतात. म्हणजे तीन लुगड्यांत पाच-सहा थरांची, थंडीला पुरेशी गोधडी. सहावारी असतील तर चार लागतात. एका साडीत पूर्ण गोधडी देतो म्हणणारा आत दुसरंच कापड किंवा फायबर भरणार. मग ती रजई झाली, आणि फायबरचे पुढे गोळे होतात ते वेगळंच.

सुती लुगड्यांत एखादी टेरिकॉटची किंवा जॉर्जेटची साडी मिसळली की पहिल्याच धुण्यात सुती आटतं, ती आटत नाही आणि गोधडीला सुरकुत्या पडतात त्या कायमच्या. इरकलीची गंमत वेगळी. तिच्या टोपपदराचा, म्हणजे लाल पदराचा, ताणा (उभे धागे) वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्यात गुंतवलेला असतो, त्यामुळे जोडावरच कात्री चालवली की पदर सुटतो. जोडापासून चार बोटं सोडूनच कापावं. हा लाल पदर रंगही सोडतो. ओला पांढरा फडका दाबून पाहायचा. लाल उतरला तर तो तुकडा वेगळा धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत गोधडीत घालायचा नाही. कांजी केलेली लुगडीही आधी धुऊन मोकळी करावी लागतात, नाहीतर झुरळं कुरतडतात.

आता शिवण. मशीनचं काम आठवडाभरात मिळतं आणि नवीन कापडावर चालतंही, पण विरलेल्या सुतावर बारीक सरळ टीप मारली की टिपेच्या रेषेवरच कापड फाटतं. भोवतीची पट्टी मशीनवर, बाकी सगळा हाताचा धावदोरा, हेच आम्हाला पटतं. दोन ओळींत एक ते दीड बोट अंतर हवं, दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण जुन्या कापडाला तोच कापतो. थर जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजन ठेवून आधी मोठे कच्चे टाके घातलेत का ते विचारा. ही पायरी गाळलेली गोधडी मध्ये फुगते. घरकाम सांभाळून हाताने शिवणाऱ्या बाईला महिनाभर तरी लागतो. पंधरवड्यात हाताचं काम मिळेल असं कोणी म्हणालं तर ओळी लांब-लांब असणार हे धरून चाला.

आजीचा फोटो कापडावर छापून मध्यभागी लावायची नवी टूम आहे. नको. तिच्यावर पाय पडतो म्हणून अशी गोधडी कोणी अंगावर घेत नाही, कपाटात पडून राहते. नाव हवंच असेल तर मागच्या बाजूला, डोक्याकडच्या कोपऱ्यात लहान भरून घ्या. खणाच्या चोळ्या असतील तर कोपऱ्यातले त्रिकोण त्यांचे करावेत, तेवढ्या जागेत जाड कापड खपून जातं. नातवंडं चार असतील तर एका मोठ्या गोधडीऐवजी चार दुपटी शिवून घेणं बरं, वाटणीचा वाद होत नाही. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत अशीही काही घरांत रीत असते, तेव्हा कात्री लागण्याआधी थोरल्यांना विचारलेलं बरं.

सहा थरांची गोधडी कोरडी दोन किलोच्या आसपास भरते आणि ओली झाली की एकट्याला उचलत नाही. वॉशिंग मशीनमध्ये टाके तुटतात. टबात भिजवून पायाने तुडवा, पिळू नका, दोन दोऱ्यांवर पसरून उलट्या बाजूने वाळवा. आणि काम घेताना उरलेली कात्रणं, चिंध्यासुद्धा, परत मागून घ्या. बरेच जण देत नाहीत, त्यांच्या दुसऱ्या कामात वापरतात. काही वर्षांनी वरचा थर कुठे ना कुठे फाटतोच आणि तेव्हा ठिगळाला त्याच लुगड्याचं कापड लागतं.