रनिंग, क्लाइंबिंग आणि वेट्स एकाच आठवड्यात कोंबून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये सुरू केलं, आता जून. वय 38, दोन मुलं, नोकरी बसून करायची, राहायला कोथरूड. आधी फक्त पळायचे, 10 किमीला 68 मिनिटं लागायची. मग मैत्रिणीने एकदा क्लाइंबिंग वॉलवर, म्हणजे चढायच्या सरावाच्या कृत्रिम भिंतीवर नेलं आणि तिथेच अडकले. वेट्स जरा मागून आले, कारण एकही पुल-अप निघत नव्हता आणि वॉलवरची कॉलेजची पोरं बघत असायची.

पहिले दोन महिने जे केलं ते कुणी करू नका. तीन रन, तीन दिवस जिम, दोन दिवस वॉल. आठवड्याला दिवस सातच असतात हे माहीत होतं पण म्हटलं सकाळ-संध्याकाळ करू. पहिले तीन आठवडे एकदम भारी वाटलं, सगळंच वाढत होतं, मी तर सगळ्यांना सांगत सुटले होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात झोप लागेना, भूक विचित्र, हलक्या रनला पण धाप, आणि एक दिवस कणीक मळताना उजव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी अशी कळ आली की परात तशीच सोडून बसले.

फिजिओने बघून सांगितलं की पुली ताणली गेलीये. पुली म्हणजे बोटातला कंडरा हाडाला धरून ठेवणारे पट्टे. छोट्या कडेवर बोटं दुमडून लटकलं, ज्याला क्रिंप म्हणतात, की सगळ्यात जास्त भार त्यांच्यावर येतो. आणि मुद्दा हा की स्नायू महिना-दोन महिन्यांत ताकद धरतात, कंडरा आणि हे पट्टे मात्र फार सावकाश. म्हणजे दंड म्हणतो चल, बोट म्हणतं थांब गं बाई. चार आठवडे वॉल बंद, नंतर महिनाभर फक्त मोठे होल्ड, म्हणजे भिंतीवर धरायला असतात ते उंचवटे.

त्या सक्तीच्या सुट्टीत वाचत बसले. 1980 मध्ये हिक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने 10 आठवड्यांचा प्रयोग केला होता, एक गट फक्त वेट्स, एक फक्त दमसासाचा व्यायाम, एक दोन्ही. दोन्हीवाल्यांची ताकद सातेक आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरली. वाचून म्हटलं अरे ही तर माझीच गोष्ट! पण त्यांचा व्यायाम फार जबर होता, आपल्यासारख्याला एवढं लागू नाही, आणि खरं सांगू तर माझे पाय दमले नव्हतेच. दमली होती पकड. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहणं), पुल-अप, रोइंग, क्लाइंबिंग, सगळं एकाच मनगटाखालून आणि त्याच दहा बोटांतून जातं. मी वहीत पाय, पाठ, छाती असे रकाने केले होते, हाताच्या पंजाला रकानाच नव्हता.

मग जानेवारीच्या शेवटापासून जे चाललंय ते असं. सोमवारी स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) आणि प्रेस (वजन ढकलणं), म्हणजे पकड न लागणारं. मंगळवारी संध्याकाळी वॉल, ताज्या हाताने, अवघड रूट याच दिवशी. बुधवारी 5-6 किमी इतक्या हळू की फोनवर आईशी बोलता येईल (बोलतेही, ती म्हणते धापा का टाकतेयस, म्हणजे वेग कमी करायचा). गुरुवारी तासभर वॉल आणि तिथूनच जिमला जाऊन डेडलिफ्ट. लोक म्हणतात एकाच दिवशी दोन्ही का, तर त्यासाठीच, बोटं दमवायची तर एकदाच दमवा आणि मग शुक्रवारी काही म्हणजे काही नाही. आधी मी बुधवारी डेडलिफ्ट करून गुरुवारी वॉलवर जायचे आणि तिसऱ्या होल्डला हात उघडायचा. शनिवारी वेताळ टेकडीवर लांब रन, 11-12 किमी. रविवारी बाहेर खऱ्या खडकावर चढाई, नाहीतर घर.

शनि-रविचं गणित अजून नीट बसलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. चढ चालतो, उतार मारतो. एकदा शनिवारी सिंहगड आतकरवाडीकडून चढून पळत उतरले, रविवारी लोणावळ्याजवळच्या दुधिवरे खिंडीत खडकावर पाय कमरेएवढा वर टाकायचा होता तर मांडी थरथरायला लागली, शिलाई मशीनसारखी. खाली बिले देणारा, म्हणजे माझा दोर धरून उभा असलेला, हसत होता. आता रविवारी खडक असेल तर शनिवारी सपाटीवरच पळते.

फेब्रुवारीत तीन दिवस बदामीला गेलो होतो, आमचा सह्याद्रीचा बेसॉल्ट सोडून पहिल्यांदाच वालुकाश्मावर. ताकद पुरली, कातडी पुरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही हातांची बोटं सोललेली, टेप लावून लावून संपली. कातडीचापण एक दिवस धरायला हवा हे तिथे कळलं. शिवाय जिममध्ये बारमुळे तळहाताला जे घट्टे येतात ते खडकावर उचकटतात, त्यामुळे मी आता रात्री कानशीने घासते. नवऱ्याला हे बघवत नाही.

आकडे सांगायचे तर 10 किमी आता 63 मिनिटं, डेडलिफ्ट 50 वरून 80 किलो, पुल-अप शून्यावरून चार (चौथा ओढूनताणून). यातलं एकच धरून बसले असते तर ते याहून पुढे गेलं असतं, यात शंका नाही. फक्त पळणारी माझी मैत्रीण 57 मिनिटांत येते. मला त्याचं वाईट वाटतं का? रेसच्या दिवशी वाटतं.

दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणते, आणि तो आठवडा मला सगळ्यात जड जातो. चिडचिड होते. मुलं म्हणतात आई तू टेकडीवर जा ना.

या सगळ्या वेळापत्रकाला पाचपैकी तीन तारे देते, खरं तर साडेतीन. एक तारा वेळेसाठी कापला, कारण वॉलवर जायला-यायला ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो, तो कुठल्याच तक्त्यात नसतो. अर्धा बोटासाठी, थंडीत अजून सकाळी आखडतं.

आता पाऊस सुरू झालाय, टेकडीवर शेवाळ धरेल, खडक ऑक्टोबरपर्यंत बंदच. रविवार रिकामा झालाय. तिथे आणखी एक वॉल सेशन घालायचा मोह होतोय, अजून घातलेलं नाही. आणि गुरुवारची कणीक गेले पाच महिने नवराच मळतोय, जरा सैल होते पण चालतं.