लांबून नवं पाणी आणावं की सांडपाणी पुन्हा वापरावं?

नागपूरने पुढच्या तीस वर्षांसाठी पैसा कशात घालावा, असा प्रश्न वस्तीतल्या एका काकांनी टाकला. दोन्ही बाजू त्यांना पटतात.

माझ्यासाठी भरवसा सगळ्यात मोठा. नदीचं पाणी पावसावर आणि वरच्या धरणावर अवलंबून. मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराई धरण झालं, आणि नागपूरला पाणी देणाऱ्या खालच्या तोतलाडोह धरणाची आवक घटली. जुलै २०१९मध्ये पाऊस लांबला तेव्हा शहरात एक दिवसाआड नळ आले. सांडपाणी मात्र दुष्काळातही वाहतंच. शहरातल्या भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात शुद्ध झालेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढंच धरणातलं वाचतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खर्चाचं म्हणाल तर लांबच्या योजनेत भूसंपादन, जलवाहिनी आणि पंपांचं कायमचं वीजबिल. शुद्धीकरणालाही वीज लागते, पण पाणी गावातच असतं.

मेहनत पुनर्वापरात जास्त: वेगळी पाइपलाइन, रोजची तपासणी.

म्हणून कारखाने, बांधकामं, बगिचे यांना शुद्ध केलेलं सांडपाणीच द्यावं. हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या वाढत्या भागांना प्यायला धरणाचंच पाणी हवं. तिथे नवा स्रोत जरूर शोधावा, पण आधी जुन्या पाइपांची गळती थांबवून.